बाकी दोन

शनिवारी मला गणितात लाल फुली मिळाली. वय 43, शिक्षण बी.कॉम., आणि वर्ग तिसरीचा. तोही माझा नाही, कन्येचा. शाळेने 'पालकांसोबत एक तास' असं काहीतरी काढलंय. गुडघे हनुवटीला टेकतील अशा बाकावर बसवलं, हातात कागद दिला. फळ्यावर उदाहरण: एका रिक्षात 3 मुले बसतात, तर 14 मुलांना किती रिक्षा लागतील?

मी झटक्यात लिहिलं, भागाकार 4, बाकी 2. खाली दोन रेघाही ओढल्या.

बाकावरचा माझा शेजारी मात्र पेन्सिल चावत बसला होता.

"कुठे जायचंय?"

"कुणाला?"

"त्या चौदा पोरांना."

"ते दिलेलं नाहीये."

"मग कसं सांगणार? दादरला रिक्षा येतच नाही. माहीमलाच उतरवतात."

खरंच की! शाळा दादरची. त्या हिशोबाने उत्तर शून्य. मी म्हटलं, "बरं, धर पोरं कुर्ल्याला आहेत." कुर्ला त्याला पटलं. मामाची रिक्षा तिकडेच चालते म्हणे.

"मग चार."

"आणि उरलेली दोन?"

"मांडीवर. बारीक असतील ना?"

"नियमात तीनच बसतात रे."

त्याने माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की हा माणूस रिक्षात कधी बसलाय की नाही! मग त्यालाच राहवेना. "टॅक्सीच करा, काका. काळ्या-पिवळीत चार बसतात. चार, आठ, बारा... आयला, परत दोन उरली!" थोडं थांबून म्हणाला, "सहावाली मोठी गाडी? सहा, बारा..." चेहरा पडला. "परत तीच दोन! त्यांना कुणी घेतच नाही का हो?"

त्या दोघांची त्याला खरोखर काळजी लागली होती. मी त्यांना 'बाकी' म्हणून खाली रेघ ओढून मोकळा झालो होतो.

एवढ्यात बाईंनी माझा कागद उचलला. "अहो, दोन मुलं रस्त्यावरच सोडलीत की!" वर्ग खदखदून हसला. कन्या हसली नाही, खिडकीबाहेर बघत बसली. उत्तर 5. मला फुली, शेजाऱ्यालाही फुली. चार कसे आले, हे त्याला कुणी विचारलं नाही. बाईंना दोष देत नाही, समोर सत्तेचाळीस पोरं आणि तास पस्तीस मिनिटांचा. पण विचारायला हवं होतं.

घरी येऊन शोधलं तर जरा धीर आला. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत 13 वर्षांच्या मुलांना असंच गणित घातलं होतं. सैनिक 1128, एका बसमध्ये 36, तर बस किती? शंभरातल्या सुमारे 29 जणांनी लिहिलं, '31, बाकी 12'. म्हणजे बारा सैनिक डेपोतच. मी एकटा नाही तर.

आणि या 29 चं तरी काय? आपण 'एकोणतीस' म्हणतो. पोराने तीस ऐकायचं, त्यातून एक वजा करायचा, आणि लिहायचे मात्र दोन आणि नऊ. कन्या अजून 'एकोणसाठ' ऐकून 69 लिहिते. 2019 साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा त्यावरचे विनोद मी चवीने पुढे ढकलले होते. कार्टी आठवीत जाईपर्यंत तरी मी त्याबद्दल तोंड उघडणार नाही.

शाळेतून निघताना फाटकापाशी शेजारी पुन्हा भेटला होता. चिक्की खात होता.

"काका, पुढच्या वेळी पंधरा पोरं घ्या. कुणी उरत नाही."

"पुस्तकात चौदाच आहेत रे."

"मग मी जातो ना त्यांच्याबरोबर," तो म्हणाला.