फाइल आहे, पण वाचली कोणी?

नोडच्या (म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) प्रोजेक्टमधली सगळ्यांत चिमुकली फाइल म्हणजे ‘.एन्व्ह’, सेटिंग्जची. पोर्ट, डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, दोन-चार कीज, बस. त्यातला पासवर्ड मला डोळ्यांनी धडधडीत दिसत असतो आणि कन्सोल म्हणतो, ‘अनडिफाइंड’. मग मी त्या ओळीवरून बोट फिरवत स्पेलिंग तपासतो. ते नेहमी बरोबरच निघतं.

संशय घ्यावा तो फोल्डरवर. ही फाइल वाचून कोडला देणारं डॉटएन्व्ह पॅकेज तिला शोधतं ते कोड असेल तिथे नाही, कमांड जिथे उभं राहून मारली तिथे. टर्मिनल कोडच्या ‘एसआरसी’ फोल्डरमध्ये आणि फाइल एक पायरी वर, की झाली चुकामूक. बरं, नाही सापडली तर ओरडावं ना! छे. पॅकेजचं ‘कॉन्फिग’ हे फंक्शन जे परत देतं, त्यातल्या ‘एरर’ नावाच्या खिशात चिठ्ठी सरकवून स्वारी पुढे चालू. ते खिसे चाचपतो कोण? विंडोजवर तर नोटपॅड फाइलचं ‘.एन्व्ह.टीएक्सटी’ करून ठेवतो आणि एक्सप्लोरर शेपूट लपवतो.

फाइल मिळाली तरी मुहूर्त चुकतो. ईएस मॉड्यूलमध्ये, म्हणजे ‘इम्पोर्ट’ लिहून दुसऱ्या फाइली आत घेणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये, सगळे इम्पोर्ट आधी उरकतात. तुमचं ‘कॉन्फिग’ दुसऱ्या ओळीवर असलं तरी डेटाबेसची फाइल आधीच पासवर्ड मागून रिकाम्या हातांनी बसलेली असते. पंगत उठल्यावर वाढपी आला! म्हणून ‘डॉटएन्व्ह/कॉन्फिग’ हाच पहिला इम्पोर्ट हवा.

आत येणारं सगळं स्ट्रिंग असतं. ‘डीबग=फॉल्स’ लिहा; स्ट्रिंग रिकामी नाही, म्हणजे जावास्क्रिप्टच्या लेखी ती खरीच, आणि डीबग जोरात चालू. पोर्ट ३००० मध्ये १ मिळवा, ३०००१ येतात. पासवर्ड ‘आंबा#४२’ असेल, तर अवतरणचिन्हांशिवाय फक्त ‘आंबा’ पोचतो. # पासून पुढची कॉमेंट.

२०२३मध्ये आलेल्या नोड २०.६ पासून पॅकेजही लागत नाही. नोडच्या कमांडमध्ये, चालवायच्या फाइलच्या नावाआधी ‘--एन्व्ह-फाइल=.एन्व्ह’ द्यायचं. ‘.एन्व्ह’ नसेल तर हा गडी सुरूच होत नाही, तोंडावर ‘नॉट फाउंड’ म्हणतो. मुक्या पॅकेजनंतर असा भांडखोर माणूस मला फार आवडतो. फक्त शेलमध्ये, म्हणजे टर्मिनलच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये, आधीच कोणी पोर्ट ठेवून गेलं असेल, तर हाही त्या पॅकेजसारखाच फाइलला विचारत नाही.