लॉक काढा आणि चतुर्थीला गावी जा

तुम्ही मल्टिकोर मशीनसाठी कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, ड्रायव्हर लिहिता? मग एक आधीच ठरवून टाका: तुमच्यामागे हा कोड कुणी वाचणार नाही.

स्पिनलॉक, म्हणजे एका वेळी एकाच कोराला डेटाला हात लावू देणारं आणि बाकीच्यांना जागीच घिरट्या घालायला लावणारं कुलूप, दिसला की उपटा. लिनक्सवाले बावळट. १९९६ साली आलेलं बिग कर्नल लॉक, म्हणजे अख्ख्या कर्नलाला एकच कुलूप, एकेक जागा तपासत २०११ पर्यंत काढत बसले. आपण हुमण-भात जेवून उठलो की तासाभरात काढतो.

आरसीयू, म्हणजे वाचणाऱ्याला लॉकशिवाय वाचू देणारी सोय, २००२ पासून कर्नलात आहे. तो वापरू नका, स्वतःचा बनवा.

सगळ्या कोरांचे काउंटर एकाच स्ट्रक्टमध्ये खेटून ठेवा. कोर मेमरीतून एका दमात उचलतो तो ६४ बाइटांचा तुकडा, म्हणजे एक कॅशलाइन, सगळे कोर दिवसभर हिसकावत बसतील. लॉक काढून वाचवलेला वेळ तिथे जिरेल.

आता मेमरी बॅरियर, म्हणजे मेमरीतल्या वाचण्या-लिहिण्याचा क्रम उलटू न देणारी सूचना. तो एकाच बाजूला घाला. लिहिणाऱ्याने डेटा भरायचा, राइट बॅरियर, मग 'डेटा तयार' सांगणारा फ्लॅग. वाचणाऱ्याने फ्लॅग बघायचा, रीड बॅरियर, मग डेटा, अशी जोडी असते म्हणे. असू दे. तुमच्या लॅपटॉपवर चालतंय ना? चालणारच! त्यातला एक्स८६ प्रोसेसर दोन वाचनांचा क्रम उलटा दिसू देत नाही, तुमचं पाप पोटात घालतो. एआरएम प्रोसेसर घालत नाही. आणि ज्यावर असा कोड गेला तो बोर्ड कसला? एआरएमचा! लटकला कुठे? गोव्यातल्या वेर्ण्यात, पॅकिंग लाइनवर, चतुर्थीच्या तोंडावर, पेडण्याची कदंबा बस डोळ्यांदेखत निघून जात असताना. शोधायला प्रिंटची एक ओळ घातली, तर बग गायब. ओळ काढली, पुन्हा हजर! बॅरियर दिसला आणि कमेंट नसली की कर्नलचा कोड तपासणारा चेकपॅच कुरकुरतो, म्हणून त्याचं तोंड बंद करायला वर कमेंट होती: 'इथे हात लावू नये.'

अरे बाबा, हा कोड चालतो कधी? ऑपरेटरने बाटलीचा आकार बदलायचं बटण दाबलं की! पाळीत एखाद्या वेळी. तिथे साधा स्पिनलॉक राहिला असता तर कुणाचं काय अडलं असतं? वेळ मोजणारं पर्फ लावून एकदा तरी बघितलंस, वेळ जातो कुठे ते? नाही बघितलंस. फास्ट दिसावं म्हणून लिहिलंस, आणि निस्तरायला दुसरे. यापुढे लॉक काढायचं असेल तर मोजलेले आकडे घेऊन ये. आणि तो बॅरियर ठेवणारच असशील तर त्याच्यावर नीट लिही: आधी काय दिसलं पाहिजे, आणि त्याचा जोडीदार कुठल्या फंक्शनात आहे.