ताशा आधी, ढोल मागून? सूत्र असं म्हणत नाही

नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘वेग = वारंवारता × तरंगलांबी. म्हणजे वारंवारता वाढली की वेग वाढतो. म्हणून ताशा ढोलाआधी ऐकू येतो, म्हणून फाइव्ह-जी फास्ट. आणि थंडीत आवाज जोरात धावतो, म्हणून लांबवर जातो.’ वारंवारता म्हणजे सेकंदाला किती कंपनं (हर्ट्झमध्ये), तरंगलांबी म्हणजे एका लाटेची लांबी. सूत्र बरोबर आहे. पुढचं सगळं चूक.

आधी ताशाचं बघू. आवाजाचा वेग हवा ठरवते: २० अंश सेल्सिअसला सेकंदाला साधारण ३४३ मीटर, मग वाजतंय काहीही. वारंवारता ठरवतं वाद्य, म्हणजे ठोका पडतो ते पान केवढं आणि किती ताणलेलं. ही दोन्ही ठरली की तरंगलांबीला मुकाट जुळवून घ्यावं लागतं. ढोलाचा ठोका ७० हर्ट्झचा धरा, लाट जवळपास ५ मीटर. ताशा ७०० हर्ट्झचा धरा, अर्धा मीटर. वेग तोच.

मेसेज खरा असता तर ढोलाचा आवाज ताशाच्या एक दशांश वेगानं आला असता. मिरवणूक रविवार कारंजावर आणि तुम्ही ३४३ मीटर लांब: ताशा एका सेकंदात, ढोल दहाव्या सेकंदाला! नाचणार कशावर?

उलट मिरवणूक वाकडी बारवेहून निघाली की लांबच्या गल्लीत आधी ढोलच कळतो. उंच स्वर हवा जास्त शोषते आणि लांब लाटा इमारतींच्या कोपऱ्यांवरून सहज वळतात. ताशा वाटेत विरतो, मागे पडत नाही.

फाइव्ह-जीच्या लहरीही फोर-जीइतक्याच, सेकंदाला जवळपास ३ लाख किलोमीटर वेगानं जातात. शिवाय आपल्याकडे फाइव्ह-जी ७०० मेगाहर्ट्झवरही चालतं, फोर-जीच्या बऱ्याच पट्ट्यांच्या खाली. डाउनलोड लवकर होतं ते रुंद चॅनेलमुळे: फोर-जीचं एक चॅनेल २० मेगाहर्ट्झपर्यंत, फाइव्ह-जीचं ३.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १०० पर्यंत.

थंडीत तर आवाजाचा वेग घटतो, दर अंशामागे सेकंदाला सुमारे ०.६ मीटरनं. तरी डिसेंबरच्या पहाटे नाशिकरोडच्या गाडीचा भोंगा लांबवर येतो, कारण जमिनीलगतची हवा गार नि वरची उबदार असली की वर गेलेला आवाज खाली वळतो.

वारंवारतेप्रमाणे वेग बदलतो अशी माध्यमं आहेत, नाही असं नाही. काचेत जांभळा प्रकाश तांबड्यापेक्षा हळू जातो, म्हणूनच लोलकातून रंग फाकतात. फक्त तिथे जास्त वारंवारता जांभळ्याची असते.