जावई, काच आणि चौदाशे डिग्री

काल पन्हाळ्यावर मेव्हण्याच्या बंगल्यात एका कडक इस्त्रीच्या कपड्यातल्या पाहुण्यानं माझ्या हातात पन्नासची नोट कोंबली आणि वर "राहू दे, राहू दे" म्हणाला. मी त्या बंगल्याचा जावई आहे हो! आता अंगात फाटका टी-शर्ट, कोपरापर्यंत काजळी, म्हणजे त्याचं तरी काय चुकलं म्हणा. नाही, चुकलंच. माणसाच्या तोंडाकडं बघायची पद्धत असते.

मेव्हणा पुण्यात आयटीत. त्यानं बंगल्यात फायरप्लेस बांधलीय, तीही काचेच्या घडीच्या दारांची. पाहुणे येणार म्हणून मेसेज आला, "दाजी, तेवढी काच पुसून घ्या ना." कोल्हापूर-पन्हाळा वीसेक किलोमीटर, म्हणजे त्याच्या हिशेबात मी शेजारीच राहतो. आणि काच कसली, डांबर होतं नुसतं. धुक्यात भिजलेली लाकडं घालायची, दारं लावून धुमसत ठेवायची, मग दुसरं काय होणार.

त्यात शेजारचे आण्णा. उद्यमनगरात फौंड्रीच्या भट्टीवर जन्म काढून रिटायर झालेले. येतानाच खुर्ची घेऊन आले.

"काय करालायसा पाव्हणं?"

"काच साफ करतोय."

"ह्यात शिजतंय काय?"

"काही नाही. जाळ बघत बसायचं."

"जाळ बघायला काच? आमच्या भट्टीत चौदाशे डिग्री असायचं, चौदाशे! निळा चष्मा लावून दिवसभर बघायचो आमी, वर पगार मिळायचा."

मी निळं लिक्विड मारलं, काजळी जागची हलली नाही, फक्त ओघळली. ब्लेड काढलं तर आण्णा किंचाळले, "ओरखडा पडला की तापल्यावर चुरा हुईल तिचा!" हे मात्र खरं, कडक केलेली काच तडकत नाही, एकदम खडीसाखर होते. मग पल्लेच काढायचे ठरलं. वरच्या पट्टीत स्प्रिंगची पिन असते, ती दाबली की पल्ला पुढं येतो. येतो म्हणजे यायला पाहिजे, इथं पिन काजळीनं जाम.

"हाणा."

"आण्णा, काच आहे!"

"मग हळू हाणा."

सिद्दीच्या वेढ्यातनं महाराज १६६० च्या जुलैत भर पावसात ह्याच गडावरनं निसटले, मला त्या खुर्चीपुढनं निसटता येईना. कुपोला म्हणजे लोखंड वितळवायची भट्टी कशी पेटवायची, लोखंड ओतताना पाण्याचा एक थेंब पडला तर काय होतं, कुठल्या सुपरवायझरच्या मिशा जळल्या, सगळं ऐकलं. मदतीला बोट नाही लावलं माणसानं, चहा मात्र दोनदा मागितला, तोही मीच केला. शेवटी म्हणाले, "पेपर भिजवा, त्यातलीच राख लावा, घासा." घासलं. निघालं की हो! लख्ख! ही राख सुरुवातीपासनं तिथंच होती आणि ही अक्कल आण्णांच्या पोटात, पण बाहेर पडायला सुपरवायझरच्या मिशा जळाव्या लागल्या.

आता जावई म्हटलं की लोकांना मजा वाटते. २०२३ च्या अधिक श्रावणात मलाही धोंडे मिळाले, चांदीची वाटी मिळाली, सासूबाईंनी वाकून नमस्कार केला. पण तो महिना येतो तीन वर्षांनी एकदा, मधल्या काळात पाण्याची मोटर बंद पडली, दाजी. लाईटबिल भरायचं राहिलं, दाजी. बंगला ह्याचा, स्टेटसला फोटो ह्याचा, आणि किल्ली कायम माझ्या खिशात. बायकोला म्हटलं तर म्हणते, "एवढं काय, घरचंच आहे." घरचंच आहे तर एखादी रात्र आम्ही राहिलो का तिथं? दर वेळी बुकिंग असतंय.

आणि पाहुण्यांनी लाकूड पेटवलंच नाही. म्हणे धुराचा त्रास होतो. आत बॅटरीच्या दिव्यांची माळ सोडली, पल्ले लावले, पुढं बसून फोटो काढले. मेव्हण्याचा अंगठा आला लगेच, खाली अजून एक ओळ, "दाजी, चिमणीपण एकदा बघून घ्या."

आण्णांनी खुर्ची आमच्याच व्हरांड्यात ठेवलीय.