अहमदाबादही तिसऱ्याच क्षेत्रात होते

23 नोव्हेंबर 2022 रोजी पहाटे चार वाजून चार मिनिटांनी 3.6 तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा ती बातमी देशभर ‘नाशिकमध्ये भूकंप’ अशा मथळ्याने गेली आणि बाहेरगावच्या नातलगांचे फोन सुरू झाले. प्रत्यक्षात केंद्रबिंदू नाशिकच्या पश्चिमेला 89 किलोमीटरवर, म्हणजे घाट उतरून पालघर जिल्ह्याच्या बाजूला होता. तिकडे डहाणू-तलासरी भागात 2018 च्या नोव्हेंबरपासून असे धक्के बसत आले आहेत. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र ठिकाण सांगताना एखाद्या परिचित शहरापासूनचे अंतर देते, म्हणून आपले नाव छापून आले, इतकेच. हा खुलासा करून झाला की आपण नाशिककर एक ठरलेले वाक्य जोडतो: ‘आपल्याखाली काळा पाषाण आहे, इथे मोठे काही व्हायचे नाही.’ माझा आक्षेप या वाक्याला आहे.

काळा पाषाण किल्लारीखालीही होता आणि कोयनेखालीही होता. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झाले, आणि 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. किल्लारीचा भाग देशाच्या तेव्हाच्या भूकंप-धोक्याच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता. 2002 मध्ये नकाशा सुधारताना ते पहिले क्षेत्रच रद्द करण्यात आले, यावरून त्या आश्वासनाची किंमत कळते. त्या सुधारित नकाशात नाशिक तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या क्षेत्रात आले. आपल्या जिल्ह्यात कळवण तालुक्यातील दळवट परिसराला सौम्य धक्क्यांची ओळख जुनी आहे. लहान धक्के बसून गेले की जमिनीतला ताण निघून जातो, असे समाधान तेथेही ऐकायला मिळते. हिशेब मात्र तसा जुळत नाही. तीव्रतेचा आकडा एकाने वाढला की ऊर्जा सुमारे 32 पट होते, त्यामुळे सहा तीव्रतेच्या एका भूकंपाची ऊर्जा खर्ची पडायला चार तीव्रतेचे सुमारे हजार धक्के बसावे लागतील. अर्थात, लहान धक्के म्हणजे मोठ्याची नांदी, असेही धरून चालता येत नाही. किल्लारी परिसराला 1992 मध्ये धक्के जाणवले होते हे खरे असले, तरी बहुतेक ठिकाणी अशी मालिका काही काळाने आपोआप शमते.

26 जानेवारी 2001 ला भूजचा भूकंप सकाळी पावणेनऊच्या सुमारास झाला, तेव्हा मी गंगापूर रोडच्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर होतो. धक्का असा जाणवलाच नाही. संथ, लांब हेलकावे जाणवले, छताचा पंखा बंद असून डोलत होता आणि शेजारच्या काकू चक्कर येते म्हणत दारात आल्या. खाली जमलेल्या लोकांमध्ये ध्वजवंदनाहून परतलेली मुले होती आणि त्यांना ही सगळी गंमतच वाटत होती. केंद्र आपल्यापासून सुमारे पाचशे किलोमीटर दूर होते. पण अहमदाबादही केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर होते, आणि तिथे कित्येक बहुमजली इमारती कोसळून शेकडो माणसे दगावली. अहमदाबाद आपल्यासारखेच तिसऱ्या क्षेत्रातले, आपल्यासारखेच नदीकाठचे शहर. पडलेल्या इमारतींपैकी पुष्कळ इमारतींच्या तळमजल्यावर भिंती नव्हत्या. नुसते कॉलम आणि त्यांच्यामध्ये वाहनांसाठी जागा होती.

आता आपल्या इंदिरानगरातून किंवा पाथर्डी फाट्यावरून एक चक्कर मारून पाहावी. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंतींमुळे ताठपणा येतो, पार्किंगच्या मजल्याला तो मिळत नाही, आणि जमीन आडवी हलू लागली की सगळे वाकणे त्या एकाच मजल्याच्या कॉलमांच्या वाट्याला येते. काठ्यांवर ठेवलेली जड पेटी हलवल्यावर जे होते तेच. हे टाळता येते. कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या लोखंडी रिंगा पुरेशा जवळ असाव्या लागतात, त्यांची टोके 135 अंशांत आत वळवलेली असावी लागतात, काही ठिकाणी काँक्रीटच्या भिंती द्याव्या लागतात. हे एकदा प्लास्टर झाल्यावर दिसत नाही, म्हणून फ्लॅट घेताना आपण टाइल्सची चौकशी करतो आणि रिंगांची करत नाही. पुढे राहायला आल्यावर हॉल मोठा करण्यासाठी भिंत पाडली जाते, गच्चीवर पाण्याच्या टाक्या वाढत जातात आणि तळमजल्याच्या दुकानासाठी बीमला कुणीतरी भोक पाडतो.

गावठाणाची गोष्ट वेगळी आहे. भद्रकाली किंवा पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या भिंती पावसाळ्यातच ढासळतात, त्यासाठी भूकंपाची गरज लागत नाही. तेथे ‘हादरा बसताच बाहेर पळा’ हा सल्ला मला धोक्याचा वाटतो, कारण बोळ अरुंद असतो आणि पडणारी भिंत त्याच बोळात येते. नव्या इमारतीत जिन्याकडे धावण्यापेक्षा भक्कम टेबलाखाली बसणे बरे. मोकळे अंगण चार पावलांवर असलेल्या मातीच्या घरातून मात्र बाहेर पडणेच शहाणपणाचे. सरसकट एकच सूचना पुढे पाठवणाऱ्यांनी एवढा फरक करावा.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षे जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा व्हायला हवी. आमच्या सोसायटीच्या सभेत हा विषय निघाला की गळती आणि रंगकाम एवढ्यावरच चर्चा संपते, आणि अहवाल मागवलाच तर तोही गिलाव्याच्या भेगा मोजून थांबतो. येत्या वार्षिक सभेत मी लेखी विषय देणार आहे: तपासणी करणाऱ्या अभियंत्याने पार्किंगच्या कॉलमांची भूकंपाच्या दृष्टीने स्वतंत्र तपासणी करावी, आणि गरज असेल तर त्यांना सळया आणि काँक्रीटचा नवा थर चढवण्याचा खर्च रंगकामाच्या आधी धरावा. आपापल्या सोसायटीत हाच विषय द्यायचा असेल त्यांनी मसुदा मागावा, मी पाठवतो.