पंचनामा वादळानंतर, तपासणी छप्पर झाकण्याआधी

मे महिन्यात अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी आली की आमच्या श्रीवर्धनकडच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेला वाद पेटतो. एक गट म्हणतो, कौलं-पत्रे पुरे झाले, सगळ्यांनी स्लॅब टाका. दुसरा म्हणतो, स्लॅबला पैसे कोण देणार, आधी २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाची राहिलेली भरपाई द्या. मग कुणीतरी मला टॅग करतं, “अमेरिकेत बघा, नियम कसे कडक असतात!” टेक्सासमध्ये गॅल्व्हेस्टन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी), समुद्रापासून फार लांब नाही असा मी राहतो, म्हणून हा मान माझ्याकडे.

खरं तर धाक इथे पोलिसाचा नाही, विम्याचा आहे. १९७० च्या सीलिया वादळानंतर खासगी विमा कंपन्यांनी किनाऱ्यावरून अंग काढून घेतलं. तेव्हा १९७१ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने टेक्सास विंडस्टॉर्म इन्शुरन्स असोसिएशन काढली. लोक तिला ‘ट्विया’ म्हणतात. किनाऱ्यावरच्या १४ काउंट्या आणि हॅरिस काउंटीचा एक तुकडा, एवढीच तिची हद्द. १९८८ पासून बांधलेल्या, वाढवलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या घराला तिचा विमा हवा असेल तर ते वाऱ्याच्या नियमांप्रमाणे बांधल्याचा, डब्ल्यूपीआय-८ नावाचा दाखला लागतो. दाखला नाही तर विमा नाही, आणि विम्याशिवाय बँक कर्जाला हात लावू देत नाही. घर विकायला काढलं की गिऱ्हाईक पत्ता टाकून तो दाखला ऑनलाइन शोधतं. झक मारत नीट बांधावं लागतं.

जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळ मॅटागोर्डाजवळ किनाऱ्याला लागलं आणि आमच्या छपराचे शिंगल्स, म्हणजे कौलांसारखे वर ठोकलेले पातळ तुकडे, उचकटले. नवीन छप्पर घालताना दाखल्यासाठी तपासणारा इंजिनिअर आला तो जुनं सगळं काढून खालच्या फळ्या उघड्या पडल्या असताना. शिडीवरून चढला, कडेच्या नि कोपऱ्यातल्या खिळ्यांमधलं अंतर टेपने मोजलं. एके ठिकाणी ते जास्त निघालं, तिथे खडूने फुली मारली. कंत्राटदार पुटपुटला, पण खिळे मारले. फळ्यांवर कागद आणि शिंगल्स चढले की यातलं काहीच कुणाला दिसत नाही, म्हणून येण्याची वेळ ती. आणि कोपरेच का? जोराचा वारा छपराला वर खेचतो, आणि ही ओढ कडांना, कोपऱ्यांना सर्वांत जास्त बसते.

दाखला मिळाला म्हणजे गंगेत घोडं न्हालं असंही नाही. ट्विया फक्त वारा आणि गारांचं बघते, पुराचा विमा निराळा घ्यायचा. २००८ च्या आयक वादळात बोलिव्हार द्वीपकल्पावर कित्येक घरांचे नुसते खांब आणि चौथरे उरले. मग घर वाऱ्याने नेलं की पाण्याने, यावर वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले. हप्ता वाढवायचं निघालं की किनाऱ्यावरचे लोक ओरडतात, आणि आतल्या भागातले आमदार म्हणतात, त्यांच्या समुद्रदर्शनाचा खर्च आम्ही का सोसायचा?

हे सगळं उचलून कोकणात ठेवलं तर चालणार नाही. आमच्याकडे बरीच घरं मुंबईहून येणाऱ्या पैशांवर, दर वर्षी थोडी थोडी उभी राहतात. बँकेचा संबंध कमी, विमा तर औषधालाही नाही. तिथे नुसता तपासनीस नेमला तर आणखी एक सही आणि तिच्यामागची चिरीमिरी एवढंच पदरात पडेल. नियमांचा दुष्काळही नाही. वाऱ्याच्या भारासाठी आयएस ८७५ या भारतीय मानकाचा तिसरा भाग आहे, चक्रीवादळात टिकणाऱ्या बैठ्या घरांसाठी २००४ पासून आयएस १५४९८ आहे. गावात पाइप जोडून पत्रे बसवणाऱ्या फॅब्रिकेटरपर्यंत ते कुणी पोचवलेच नाहीत.

३ जून २०२० ला निसर्ग आलं, पत्रे उडाले, तलाठ्यांनी पंचनामे केले. पुढे पत्र्यांची टंचाई, आणि मिळाले ते पत्रे आमच्या वाडीत त्याच पाइपांवर, पत्रा पाइपाला धरणाऱ्या तेवढ्याच जे-बोल्टांवर, तेवढ्याच अंतराने बसले. वर्षभरात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं.

माझं म्हणणं असं की तपासणीची सोय आपल्याकडे आहेच. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे हप्ते बांधकामाच्या टप्प्यांचे जिओटॅग फोटो चढवल्यावर सुटतात. किनारी तालुक्यांत त्यात आणखी दोन फोटो घाला: वासा किंवा पाइप भिंतीला कसा जखडलाय त्याचा, आणि कडेच्या ओळीतल्या बोल्टांचा. वादळानंतरच्या भरपाईलाही तेच लावा. “आधीच बुडालेल्याचे पैसे अडवणार?” असं ग्रुपवर एका काकांनी विचारलं, आणि ते बरोबर आहे. म्हणून मूळ रक्कम अडवायची नाही. बोल्ट, वॉशर आणि पट्ट्यांचे पैसे वर जादा द्यायचे, फोटो बघून. पत्र्यांच्या मानाने तो खर्च किरकोळ आहे.

फोटो बघणाऱ्या पंचायत समितीच्या अभियंत्याला मात्र चांगली आणि कच्ची जोडणी ओळखता आली पाहिजे. त्यासाठी तालुक्याच्या आयटीआयमध्ये एक दिवसाचा वर्ग पुरेल. फॅब्रिकेटरांनाही तिथेच बोलवा, आणि त्या दिवसाची मजुरी द्या, नाहीतर कुणी येणार नाही.