वापरलेली नक्कल

मूळ वस्तू परवडत नाही म्हणून तिची नक्कल घ्यावी, आणि नवी नक्कल परवडत असली तरी वापरलेलीच घ्यावी, या धोरणाला आमच्या घरात काटकसर असे नाव आहे. टेक्सासमध्ये इतकी वर्षे राहूनही ते सुटलेले नाही. मोटार, पियानो, गवत कापण्याचे यंत्र अशा पायऱ्या चढत मी शेवटी पिस्तुलापर्यंत पोहोचलो.

जॉन मोझेस ब्राउनिंग याने घडवलेले .४५ कॅलिबरचे पिस्तूल अमेरिकी सैन्याने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारले आणि तो सालाचा आकडाच त्याचे नाव होऊन बसला. त्याचे पेटंट केव्हाच संपलेले असल्यामुळे त्याच्या नकला फिलिपीन्समध्ये, तुर्कस्तानात आणि ब्राझीलमध्ये राजरोस तयार होतात. सैन्यात दाखल होण्यापूर्वी झालेल्या चाचणीत या पिस्तुलातून सहा हजार गोळ्या झाडण्यात आल्या. ते फार तापले की पाण्यात बुडवून गार करत आणि पुढे चालू ठेवत, पण ते एकदाही अडले नाही. त्याच्याशी स्पर्धा करणारे सॅव्हेज कंपनीचे पिस्तूल मात्र ३७ वेळा अडले. माझ्या वाट्याला आलेल्या नकलेने चेहरा ब्राउनिंगचा घेतला होता आणि निष्ठा सॅव्हेजच्या चरणी वाहिली होती.

खरेदी सोपी होती. दुकानात ४४७३ क्रमांकाचा सरकारी फॉर्म भरावा लागतो आणि मग दुकानदार तुमचे नाव एफबीआयच्या यंत्रणेकडे पडताळणीसाठी धाडतो. त्या फॉर्मात ‘आपण फरारी गुन्हेगार आहात काय?’ असा प्रश्न अत्यंत सभ्यपणे विचारलेला असतो. त्यावर ‘होय’ अशी खूण करून दुकानातच शांतपणे बसून राहणाऱ्या फरारी गुन्हेगाराबद्दल मला फार कुतूहल आहे. जन्मस्थळाच्या रकान्यात मी सातारा लिहिले, ते वाचण्याचा दुकानदाराने प्रामाणिक प्रयत्न केला, आणि थोड्याच वेळात मी सरकारदरबारी निर्दोष ठरलो.

पिस्तुलाच्या बाबतीत एवढी कसून चौकशी झाली नव्हती. चिठ्ठीवर ‘अल्प वापर’ असे लिहिले होते. घरी आणून दिव्याखाली धरल्यावर डाव्या बाजूला, स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग, अडवणाऱ्या खटक्याच्या खाली, एक वक्र ओरखडा दिसला. तो खटका परत बसवताना हात घसरला की असा ओरखडा उठतो आणि शौकीन मंडळी त्याला सरळ ‘मूर्खाचा ओरखडा’ म्हणतात. माझ्या पिस्तुलावर एकाशेजारी एक असे दोन होते. याचा अर्थ आधीच्या मालकाने ते उघडले, बंद करताना तो चुकला, आणि त्यातून काहीही बोध न घेता त्याने ते पुन्हा उघडले. वापरलेल्या नकलेबरोबर आपण लोखंड कमी आणि कोणा अनोळखी माणसाने अर्ध्यावर टाकलेला उत्साहच अधिक विकत घेतो, असे माझे तेव्हापासूनचे ठाम मत आहे.

त्या उत्साहाचा पहिला पुरावा मला अंगणात सापडला. या पिस्तुलाच्या नळीखाली एक दमदार स्प्रिंग असते आणि तिच्या तोंडाशी टोपणाएवढी एक धातूची टोपी असते. ती अंगठ्याने दाबून शेजारची कडी फिरवावी लागते, आणि अंगठा तसूभर सरकला तरी टोपी स्वतःची वाट स्वतः शोधते. माझी टोपी उघड्या दारातून बाहेर गेली आणि सासूबाईंनी अंगणात वाळत घातलेल्या कुरडयांमध्ये दिसेनाशी झाली. ती शोधताना किती कुरडया कामी आल्या याचा हिशेब मला अजून अधूनमधून ऐकवला जातो. टोपीमागची स्प्रिंग तपासली, तर मूळ १६ पौंडांच्या जागी आधीच्या मालकाने बरीच कडक स्प्रिंग बसवलेली निघाली. का, ते त्यालाच ठाऊक.

मग मी सुट्या भागांच्या बाजारात शिरलो. तिथे प्रत्येक पाकिटावर ‘थेट बसणारा भाग’ असे ठळक अक्षरांत आणि ‘किरकोळ फिटिंगची गरज पडू शकते’ असे मुंगीच्या अक्षरांत छापलेले असते. दुसऱ्या महायुद्धात हेच पिस्तूल टंकलेखन यंत्रे बनवणाऱ्या रेमिंग्टन रँडने केले, रेल्वेचे सिग्नल बनवणाऱ्या युनियन स्विच अँड सिग्नलने केले, आणि शिवणयंत्रांच्या सिंगरनेही ५०० नग करून दिले. या सर्वांचे भाग एकमेकांच्या पिस्तुलात बसले पाहिजेत अशी सैन्याची अट होती आणि ती पाळली गेली. इतक्या दशकांनंतर संगणकाच्या देखरेखीखाली कातलेला, मखमली पिशवीतून आलेला माझा भाग मात्र केसाएवढ्या फरकाने अडत होता, आणि तो केस प्रत्येक वेळी निराळ्या बाजूला निघत होता. नवी स्प्रिंग आणली, रिकामे काडतूस ओढून काढणारा नवा एक्स्ट्रॅक्टर आणला, अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी हॅमर, म्हणजे घोडा, चिमटीत पकडत असे म्हणून लांब शेपटीची ग्रिप सेफ्टी, म्हणजे मूठ नीट धरल्याशिवाय गोळी सुटू न देणारा मुठीमागचा खटका, आणली. एव्हाना सुट्या भागांचा खर्च पिस्तुलाच्या किमतीला ओलांडून मूळ कंपनीच्या नव्या नगाकडे आशेने पाहू लागला होता. पिस्तूल मात्र पूर्वीच्याच निष्ठेने अडत होते.

या टप्प्यावर सासऱ्यांनी लक्ष घातले. त्यांची सारी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, तीही इन्स्पेक्शनमध्ये, झालेली असल्यामुळे जगातील यच्चयावत वस्तू त्यांच्या लेखी ‘पास’ तरी असते किंवा ‘रिजेक्ट’ तरी. अडचण एवढीच होती की ते पर्यटक व्हिसावर आले होते, आणि शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडले तर अशा पाहुण्याने शस्त्र किंवा काडतूस बाळगणे अमेरिकेच्या कायद्याला मंजूर नाही. हे समजल्यावर त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि मुक्काम संपेपर्यंत माझ्या टेबलाजवळ आले की ते सोडले नाहीत. घरात ज्या एकमेव माणसाला या विषयातले काही कळत होते, त्याला बोटही लावण्याची मुभा नव्हती. ज्याला मुभा होती, त्याच्या हाती कानस होती.

“ती कानस आधी खाली ठेवा,” ते म्हणाले. “सेफ्टीला हात लावायचा नाही. ते काम परवाना असलेल्या कारागिराचं. मूळची सेफ्टी आहे ना जपून ठेवलेली?”

ती होती.

“मग तीच परत बसवून घ्या. आता सांगा, अडतं म्हणजे नेमकं काय होतं?”

मी स्प्रिंगचा दाब, एक्स्ट्रॅक्टरचा ताण आणि नळीच्या मागच्या तोंडाशी असलेल्या उताराचा कोन यांवर सविस्तर निरूपण केले. त्यांनी ते सहनशीलतेने ऐकले आणि विचारले, “काडतूस येतं कुठून?”

“मॅगझीनमधून,” म्हणजे मुठीत सरकवायच्या काडतुसांच्या डबीतून, मी म्हणालो.

“किती मॅगझिनं आहेत?”

“तीन. पिस्तुलाबरोबरच मिळाली.”

“त्यांच्यावर नंबर घाला. कधी अडलं, कुठल्या नंबरावर अडलं, लिहून ठेवा. नोंद नसलेल्या तक्रारीला आमच्याकडे तक्रार म्हणत नसत.”

त्यानंतरच्या शनिवारी नेमबाजीच्या मैदानावर माझ्या शेजारी लोक निशाण्याच्या कागदावरची भोके मोजत होते आणि मी वहीत रकाने भरत होतो. एक आणि तीन या क्रमांकांच्या मॅगझिनांनी तक्रारीला जागा ठेवली नाही. दोन नंबर अडले, पुन्हा अडले, आणि पुढेही अडतच राहिले. घरी येऊन व्हर्निअरने मापल्यावर त्याच्या तोंडाचे पत्र्याचे ओठ फाकलेले आढळले, त्यामुळे काडतूस वेळेआधीच नाक वर करून उभे राहत होते. या पिस्तुलांच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ मॅगझीनमध्ये असते, ही गोष्ट जाणत्यांमध्ये इतकी सर्वश्रुत आहे की ती मला सांगण्याची गरज कोणालाच वाटली नव्हती. सासऱ्यांनी हात पाठीशी ठेवूनच मान हलवली आणि क्रमांक दोनला ‘रिजेक्ट’ असा शेरा दिला. मखमली पिशव्यांतून आलेले माझे भाग निर्दोष सुटले, पण त्यांचे पैसे परत मिळण्याची मुदत उलटून गेली होती.

आता पिस्तूल नीट चालू लागले, आणि नीट चालणाऱ्या पिस्तुलाचे काय करायचे हे मला उमजेना. विकायला नेले, तर दुकानदाराने आतील बदल पाहून किंमत आणखी खाली आणली, कारण मागच्या मालकाने हात घातलेली वस्तू जाणते गिऱ्हाईक घेत नाही, असे त्याने मला अगदी मनापासून समजावले. मी त्याला माझ्या खरेदीची पावती दाखवली नाही.

सासरे तोवर काचेच्या कपाटावर वाकले होते. आत ब्राउनिंग हाय-पॉवरची एक वापरलेली नक्कल ठेवली होती. ब्राउनिंग १९२६ मध्ये वारल्यावर बेल्जियमच्या द्यूदोने सेव्ह याने हे पिस्तूल पूर्ण केले, आणि आपल्या सैन्याचे ९ मिलिमीटरचे पिस्तूल हे त्याचेच ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारे रूप आहे. सासऱ्यांना ते लांबूनच ओळखू आले होते.

“आपल्या ईशापूरचं भावंडच की हे,” ते म्हणाले. हात अजून पाठीशीच होते. “तेरा काडतुसांचं मॅगझीन. किती मॅगझिनं देतोय विचारा. आणि जावईबापू, नंबर घालायचा मार्कर गाडीतच आहे ना?”